रीत बरोबर, तरी उत्तर चूक: फिजिकल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रश्नांतला बिघाड कसा शोधायचा

परीक्षा जवळ आली की अभ्यासाच्या टेबलावर एकच वाक्य फिरत असतं: "रीत तर बरोबर आहे, मग उत्तर का जुळत नाही?" मी बरीच वर्षं मित्रमैत्रिणींच्या आणि मागच्या वर्गातल्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शंका सोडवायला बसते. वह्या वेगळ्या असतात, प्रश्नही वेगळे असतात, पण बिघाड मोजकेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात.

आणखी एक गोष्ट तितकीच वेळा पाहिली आहे. कुणी अडलं की आपण त्याची वही ओढून घेतो, भराभर सोडवून दाखवतो, तो "हां, कळलं" म्हणतो आणि दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा अडतो. त्याला उत्तर मिळालेलं असतं, पण त्याची चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली हे कुणीच शोधलेलं नसतं. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्यांना एकच नियम लागू आहे: ज्याचा प्रश्न, त्याच्याच हातात पेन. मदत करणाऱ्याने विचारायचं, लिहायचं नाही.

लक्षणं

आधी आपलं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा. त्यावरून निम्मं काम होतं.

- उत्तरसूचीतलं उत्तर आणि आपलं उत्तर यांत ठरावीक पटीचा फरक आहे. हजारपट, दुप्पट, २.३ पट.
- आकडा अगदी बरोबर, पण चिन्ह उलटं.
- आकडा येतो, पण तो असूच शकत नाही. उदाहरणार्थ, मुळात जेवढं ॲसिड घातलं त्यापेक्षा जास्त हायड्रोजन आयन.
- उत्तर जवळपास येतं, पण पर्यायांत बसत नाही.
- ऑरगॅनिकमध्ये उत्पादनातला एखादा कार्बन हरवतो किंवा जास्त होतो.
- रेणुसूत्र बरोबर, पण भलताच आयसोमर (तेच अणू, वेगळी रचना) मुख्य उत्पादन म्हणून लिहिला जातो.
- रिॲक्शन तोंडपाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून आला की हात थांबतो.
- कुणी समजावताना सगळं समजतं, एकटं बसल्यावर काहीच जमत नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यात गंभीर आहे. त्याच्यावर शेवटी येते.

१. प्रश्न मोठ्याने वाचा

खर्च एक मिनिट. ज्याचं उत्तर चुकलं त्याने प्रश्न मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वही न बघता ऐकायचं. मनात वाचताना डोळा ओळखीच्या शब्दांवरून पुढे सरकतो, आणि केमिस्ट्रीच्या प्रश्नात सगळा फरक नेमका त्या शब्दांतच असतो: "स्थिर दाबाला", "अतिरिक्त प्रमाणात", "ड्राय इथरमध्ये", "पेरॉक्साइडच्या सान्निध्यात".

पेरॉक्साइडचंच घ्या. १-ब्युटीनवर हायड्रोजन ब्रोमाइड गेलं की २-ब्रोमोब्युटेन मिळतं, आणि पेरॉक्साइड असेल तर १-ब्रोमोब्युटेन. या एका शब्दाने खऱ्या प्रयोगशाळांनाही चकवलं होतं. या रिॲक्शनचे निकाल कधी असे तर कधी तसे येत. खराश आणि मेयो यांनी १९३३ साली दाखवून दिलं की खरा कारभार अल्कीनमधल्या नकळत राहिलेल्या पेरॉक्साइडचा आहे. आता हा परिणाम फक्त हायड्रोजन ब्रोमाइडला लागू होतो. प्रश्नात हायड्रोजन क्लोराइड असेल तर पेरॉक्साइड लिहिलेलं असूनही दिशा बदलत नाही. परीक्षक मुद्दाम असा प्रश्न घालतात, आणि "पेरॉक्साइड" दिसताच उलटं उत्पादन लिहून मोकळं होणारे त्यात हमखास अडकतात.

मोठ्याने वाचताना जिथे आवाज अडखळतो किंवा शब्द गाळला जातो, तिथे पेन्सिलने खूण करा. बरेचदा गाडी इथेच रुळावर येते.

२. भागाकार करा

फिजिकलच्या गणितात ही माझी सगळ्यात भरवशाची तपासणी आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. उत्तर जुळलं नाही की मुलं पहिल्या ओळीपासून पुन्हा सोडवायला घेतात. तसं करू नका. पुन्हा सोडवताना हात त्याच सवयीने त्याच जागी तीच चूक करतो. त्याऐवजी मोठं उत्तर भागिले छोटं उत्तर करा. जो आकडा येईल तो बिघाडाचा पत्ता सांगतो.

१००० आलं तर जूल आणि किलोजूल, नाहीतर मिलिलिटर आणि लिटर. ६० आलं तर मिनिटं आणि सेकंद. २.३०३ आलं तर नैसर्गिक लॉगच्या जागी १० पायाचा लॉग, किंवा उलट. ४.१८४ म्हणजे कुठेतरी कॅलरी शिरली आहे. १०१.३ च्या आसपास आलं तर वायुस्थिरांक 'आर' चुकीचा घेतला: ८.३१४ हा जूलमधला आणि ०.०८२१ हा लिटर-ॲटमॉस्फिअरमधला. एक लिटर-ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ जूल, म्हणून तो आकडा येतो. आणि १.०१३ आलं तर चूक तुमची नसेलही. ते ॲटमॉस्फिअर आणि बार यांच्यातलं अंतर आहे. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) १९८२ पासून प्रमाण दाब एक बार धरला आहे. त्या हिशेबाने शून्य अंश सेल्सिअसला आदर्श वायूचं मोलर आकारमान २२.७ लिटर येतं, आणि जुन्या एक ॲटमॉस्फिअरच्या हिशेबाने २२.४. तुमचं पुस्तक कुठलं मानतं ते एकदा बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हजारपटीची चूक किती घात करते ते एका मैत्रिणीच्या वहीत पाहिलं. अमोनियाच्या निर्मितीचं साधं गणित होतं. एक मोल नायट्रोजन, तीन मोल हायड्रोजन, दोन मोल अमोनिया. डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) उणे ९२.२ किलोजूल, डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) उणे १९८.८ जूल प्रति केल्विन, तापमान २९८ केल्विन. काढायचा होता डेल्टा जी, म्हणजे डेल्टा एच वजा तापमान गुणिले डेल्टा एस; तो उणे आला तर रिॲक्शन आपोआप होऊ शकते.

"बघ ना, डेल्टा जी अधिक ५९,१५० आलंय. म्हणजे ही रिॲक्शन आपोआप होतच नाही?"

"अगं, ५९,१५० काय? जूल की किलोजूल?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. पेनाचं टोक मागे सरकत डेल्टा एसवर आलं. तिथे "जूल" छापलेलं होतं, त्याच्या वरच्या ओळीत "किलोजूल". तिने १९८.८ खोडून ०.१९८८ लिहिलं. २९८ ने गुणून ५९.२. उणे ९२.२ अधिक ५९.२ म्हणजे उणे ३३.० किलोजूल. चिन्हच फिरलं. तिने पुढे स्वतःहूनच ९२,२०० ला १९८.८ ने भागून ४६४ केल्विन काढलं आणि म्हणाली, "म्हणजे याच्या वर गेलं की मग ते अधिक होणार." पेन मी घेतलं असतं तर ही शेवटची ओळ तिच्या वहीत आलीच नसती.

लक्षात घ्या, इथे तिचा भागाकार नुसता हजार आला नसता. बेरजेच्या एकाच पदात चूक असली की गुणोत्तर विचित्र येतं. म्हणून दुसरा नियम: बेरीज-वजाबाकीचं सूत्र असेल तर प्रत्येक पदाशेजारी त्याचं एकक लिहा. एकक न लिहिता सोडवलेलं गणित तपासायला मी बसतच नाही, आधी एककं लिहायला लावते. ते लिहितानाच बऱ्याच जणांना चूक दिसते.

तापमानाचंही तसंच. वेग २७ अंशांवरून ३७ अंशांवर गेल्यावर दुप्पट होतो, सक्रियण ऊर्जा (रिॲक्शनपुढचा ऊर्जेचा अडथळा) काढा, हा नेहमीचा प्रश्न. ३०० आणि ३१० केल्विन घेतले की ५३.६ किलोजूल प्रति मोल येतं. सेल्सिअस तसंच ठेवलं तर ०.५८ किलोजूल. हा दुसरा आकडा पाहून मनात शंका यायलाच हवी, कारण एवढा लहान अडथळा असेल तर खोलीच्या तापमानाला तो रेणूंना जाणवणारही नाही आणि दहा अंशांनी वेग दुप्पट होण्याचं काही कारण उरणार नाही. आणि उत्तर २३.३ आलं असेल तर? ५३.६ भागिले २३.३ करून बघा. २.३. लॉग सापडला.

गुणोत्तर २ किंवा ३ आलं तर घाई करू नका. इलेक्ट्रॉनांची संख्या चुकली असेल, मीठ पाण्यात किती आयनांत फुटतं ते विसरलं असेल, किंवा दोन रेणू जोडीने राहत असतील. बेंझॉइक ॲसिडचं मोलर वस्तुमान १२२. ते बेंझीनमध्ये विरघळवून गोठणबिंदूवरून काढलं तर जवळजवळ दुप्पट येतं, कारण तिथे त्याचे रेणू हायड्रोजन बंधाने जोडीजोडीने असतात. ते पाहून मुलं "चुकलं" म्हणून गणित खोडतात. प्रश्न मुळात त्या दुपटीबद्दलच विचारत असतो.

३. चिन्ह उलटं येतंय

ही तपासणी छोटी आहे. कार्याच्या चिन्हाचे दोन संकेत चालतात. एकात प्रणालीवर केलेलं कार्य धन, दुसऱ्यात प्रणालीने केलेलं कार्य धन. दोन्ही बरोबर आहेत, मात्र एका गणितात एकच. मित्र एका पुस्तकातून शिकला आणि तुम्ही दुसऱ्यातून, तर दोघांचं भांडण केमिस्ट्रीचं नसून संकेताचं असतं. प्रश्न सोडवायच्या आधी वरच्या कोपऱ्यात लिहा: "वायू पसरला तर कार्य उणे". पुढे तेच पाळा.

विद्युतरसायनात मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे चूक चिन्हाची वाटते आणि असते वेगळीच. तांबं आणि चांदीच्या सेलमध्ये चांदीची अर्धअभिक्रिया दोनने गुणावी लागते, म्हणून बरेच जण ०.८० व्होल्टलाही दोनने गुणतात आणि ०.४६ च्या जागी १.२६ व्होल्ट लिहितात. विभव म्हणजे प्रत्येक कूलोंबमागची ऊर्जा. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर ऊर्जाही दुप्पट होते, भागाकार तोच राहतो. मग बेरीज कशाची करायची? डेल्टा जीची. लोहाचं उदाहरण माझ्या टेबलावर दर वर्षी येतं: तीन धनचे आयन ते दोन धन, ०.७७ व्होल्ट, दोन धन ते धातू, उणे ०.४४. तीन धन ते थेट धातू किती? सरळ बेरीज ०.३३ देते आणि ती चूक आहे. इलेक्ट्रॉनांनी गुणून बघा: ०.७७ उणे ०.८८ म्हणजे उणे ०.११, भागिले तीन, उणे ०.०३७ व्होल्ट. चिन्हासकट उत्तर बदललं. हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केलं तो विभवांची सरळ बेरीज करायला पुन्हा धजावत नाही.

४. उत्तर जवळपास येतं, पण बसत नाही

इथे दोन संशयित. पहिला, मधेच केलेलं पूर्णांकन. घातांकाच्या गणितात हे फार महागात पडतं. आऱ्हेनियसच्या समीकरणात (तापमानावरून रिॲक्शनचा वेगस्थिरांक देणारं) उणे घातांक २१.४९ आला आणि तुम्ही सोयीसाठी २१ लिहिला, तर वेगस्थिरांक ६३ टक्क्यांनी वाढतो. शेवटच्या ओळीपर्यंत निदान चार अंक जवळ ठेवा.

दुसरा संशयित, न तपासलेलं गृहीतक. सौम्य ॲसिडच्या गणितात आपण "क्ष फार लहान आहे" म्हणून वर्गसमीकरण टाळतो. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिडला हे चालतं: स्थिरांक ०.००००१८, जेमतेम १.३ टक्के ॲसिड फुटतं, पीएच २.८७. आता क्लोरोॲसेटिक ॲसिड घ्या, स्थिरांक ०.००१४, संहती ०.००१ मोलर. त्याच सवयीने वर्गमूळ काढलं तर हायड्रोजन आयन ०.००११८ मोलर. ॲसिड ०.००१ घातलं आणि त्यातून ०.००११८ बाहेर आलं! वर्गसमीकरण सोडवलं की ०.०००६७५ येतं, पीएच ३.१७. चुकीच्या वाटेने २.९३ आलं होतं. दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच साळसूद, म्हणून पीएच काढण्याआधी एक ओळ लिहायची सवय लावा: "किती टक्के फुटलं?" पाचाच्या वर गेलं तर गृहीतक सोडा.

याच जातीचा दुसरा प्रश्न: १० चा उणे ८ वा घात एवढ्या संहतीच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा पीएच. ८ लिहिणारे पुष्कळ. ॲसिड घालून द्रावण अल्कधर्मी कसं होईल, एवढं विचारलं की तेच हसून पाण्याचे आयन मोजायला घेतात आणि ६.९८ वर येतात.

५. ऑरगॅनिक: आधी मोजा, मग विचार करा

इथून तपासण्या महाग होत जातात, पण पहिली अजून फुकटच आहे. डावीकडचे कार्बन आणि उजवीकडचे कार्बन पेनाने टिंब देत मोजा. मग प्रत्येक कार्बनचे बंध मोजा, पाच झाले की तिथेच बिघाड. मग दोन्हीकडचा विद्युतभार मोजा. हे सांगताना मुलं जरा खट्टू होतात, त्यांना ते बालवाडीतलं वाटतं. पण झिगझॅग रेघांच्या चित्रात टोकाचा कार्बन नजरेतून निसटतो, आणि एस्टरवर ग्रिन्यार अभिकर्मक (नवा कार्बन गट जोडणारं मॅग्नेशियमचं संयुग) एकदाच जोडला जातो. एस्टरवर तो दोनदा जातो, शेवटी तृतीयक अल्कोहोल मिळतं. कार्बन मोजले असते तर लगेच दिसलं असतं.

रेणुसूत्रावरून रचना ओळखायची असेल तर असंपृक्ततेचा अंक (रेणूत कडी आणि जादा बंध मिळून किती) काढल्याशिवाय एकही चित्र काढू नका. कार्बनांची दुप्पट अधिक दोन, त्यातून हायड्रोजन वजा, भागिले दोन. नायट्रोजन असेल तर मिळवा, हॅलोजन असेल तर वजा करा. आठ कार्बन, आठ हायड्रोजन, एक ऑक्सिजन असलेला पदार्थ: १८ उणे ८, भागिले २, पाच. चार बेंझीनच्या कड्याचे, उरला एक. तो २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिनसोबत नारिंगी साका देतो, म्हणजे कार्बोनिल. टोलेन्स अभिकर्मकाला प्रतिसाद नाही, म्हणजे आल्डिहाइड नाही. आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पिवळा साका, म्हणजे कार्बोनिलच्या शेजारी मिथाइल. ॲसेटोफिनोन. प्रत्येक वाक्याने एकेक दार बंद केलं. हाच प्रश्न पाच मिनिटं वेगवेगळी चित्रं काढून सोडवताना मी मुलं पाहिली आहेत, आणि अंक काढल्यावर दीड मिनिटात सोडवतानाही.

६. समोर नेमकं कोण आहे?

आयसोमर भलताच येत असेल तर अभिकारकाचं नाव वाचून थांबू नका. तीन प्रश्न विचारा: कार्बन प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक? समोरचा नुसता न्यूक्लिओफाइल (कार्बनला इलेक्ट्रॉन देऊन जोडला जाणारा) आहे की दणकट बेस (प्रोटॉन ओढून घेणारा)? द्रावक आणि तापमान काय?

२-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेनवर सोडियम इथॉक्साइड गेलं तर झायत्सेव्हच्या नियमाने (जास्त गट जोडलेलं अल्कीन जास्त बनतं) २-मिथाइल-२-ब्युटीन जास्त. पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड गेलं तर हा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत पोहोचत नाही, बाहेरचा काढतो आणि २-मिथाइल-१-ब्युटीन जास्त होतं. नियम "पाठ" असलेला दोन्हीकडे झायत्सेव्ह लिहितो. नियम कशामुळे लागू होतो हे ज्याला माहीत आहे तो बेसच्या आकाराकडे बघतो. विल्यमसनच्या इथर निर्मितीतही हेच. टर्शरी-ब्युटॉक्साइड आणि मिथाइल ब्रोमाइड घेतलं की इथर, जोडी उलटी केली की अल्कीन.

माध्यमाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं ते ॲनिलिनच्या नायट्रेशनमध्ये बघा. कड्यावर गटाच्या शेजारची जागा ऑर्थो, एक सोडूनची मेटा, समोरची पॅरा. अमिनो गट ऑर्थो-पॅरा दिशा देतो, म्हणून मेटा शून्य असं मुलं ठामपणे लिहितात. प्रत्यक्षात मेटा ४७ टक्के, पॅरा ५१ आणि ऑर्थो २. तीव्र ॲसिडमध्ये अमिनो गटावर प्रोटॉन बसतो, आणि तो धनभारित गट मेटा दिशा देतो. म्हणजे भांड्यात ॲनिलिन आहे हे पूर्ण खरं नाही, बरंचसं ॲनिलिनियम आहे. हे उदाहरण मला फार आवडतं, कारण ते पाठांतराला थेट सांगतं की आधी भांड्यात डोकावून बघ.

७. कार्बोकॅटायन सरकला का?

मार्गात कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) येत असेल तर प्रत्येक वेळी थांबून शेजारी बघा. ३-मिथाइलब्युटेन-२-ऑलवर हायड्रोजन ब्रोमाइड गेलं की पाणी निघून द्वितीयक कॅटायन होतो. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सरकला तर तो तृतीयक, जास्त स्थिर. म्हणून ब्रोमीन त्या शेजाऱ्यावर बसतो: २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन. बेंझीनवर फ्रीडेल-क्राफ्ट्स रिॲक्शनने १-क्लोरोप्रोपेन घातल्यावर मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन मिळतं, तेही याच कारणाने. कॅटायन काढला की शेजाऱ्यांवर एक गोल काढा, मग पुढे जा. परीक्षेत घाईत हा गोलच आठवण करून देतो.

८. आर की एस?

चार वेगवेगळे गट असलेल्या कार्बनचे गट अग्रक्रमाने घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर आर, उलट फिरत असतील तर एस. ही महाग तपासणी आहे, कारण कागदावर त्रिमिती वाचावी लागते. सर्वांत कमी अग्रक्रमाचा गट आपल्याकडे तोंड करून असेल तर आलेली दिशा उलटी करा. अग्रक्रम ठरवताना गटाचा आकार नाही, पहिल्या फरकाचा अणू बघा. म्हणून हायड्रॉक्सीमिथाइल हा टर्शरी-ब्युटाइलच्या वर जातो. एसएन-२ मध्ये (एकाच पायरीत एक गट जातो आणि दुसरा मागच्या बाजूने बसतो) रचना उलटते, पण अक्षर बदलेलच असं नाही, कारण आलेल्या गटाचा अग्रक्रम गेलेल्या गटाहून वेगळा असू शकतो. अक्षर नव्याने काढा. शक्य असेल तर रेणूचं मॉडेल हातात घ्या. मातीचे गोळे आणि काड्याही चालतात.

९. कोरा कागद

आता ते शेवटचं लक्षण: समजावताना समजतं, एकटं बसल्यावर नाही. याला एकच तपासणी आणि ती सगळ्यात कष्टाची. वही बंद, कोरा कागद, आणि अडलेल्याने मदत करणाऱ्याला मेकॅनिझम शिकवायचं. प्रत्येक वक्र बाण काढताना म्हणायचं, "इथले इलेक्ट्रॉन तिथे जातात, कारण…" बाण नेहमी इलेक्ट्रॉनांकडून सुरू होतो. प्रोटॉनकडून बाण निघाला की थांबवा. "कारण" नंतर जिथे शांतता पसरते, ती खरी तुटलेली जागा. पुष्कळदा ती आजच्या धड्यात नसतेच, खूप मागे असते: अनुस्पंदन (रेझोनन्स), इंडक्टिव्ह परिणाम, नाहीतर ॲसिड-बेस. मग तिथे जा, आजचा प्रश्न राहू दे. त्या शांततेत मदत करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. निदान एक मिनिट. हे मला शिकायला फार वेळ लागला.

कधी थांबायचं आणि शिक्षकांकडे जायचं

दोघांनी एकमेकांचं न बघता सोडवलं, दोघांचं उत्तर एकच आलं आणि उत्तरसूचीत वेगळं आहे, तर थांबा. उत्तरसूचीही चुकते. तिच्याशी जुळवण्यासाठी आपल्या बरोबर रीतीत उगाच काहीतरी बदलणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग ती खोटी पायरीच पाठ होते.

तिघांची तीन उत्तरं आली आणि वीस मिनिटांत एकमत झालं नाही, तरी थांबा. दोन पुस्तकं परस्परविरुद्ध सांगत असतील तर मतदान घेऊ नका. तुमच्या परीक्षेत कुठला संकेत धरतात हे शिक्षकच सांगू शकतात. कोऱ्या कागदाची तपासणी तीन वेळा एकाच मूळ संकल्पनेवर अडली, तर मित्राचं समजावणं पुरेसं नाही, त्याला तो धडा शिक्षकांकडून नीट शिकायला हवा. अडचण लॉग आणि समीकरणं सोडवण्यातच असेल तर गणिताच्या शिक्षकांना गाठा.

रिॲक्शन खरंच होते का हे बघण्यासाठी घरी काहीही मिसळायचं नाही. प्रात्यक्षिकाची शंका प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच.

आणि वही उघडताच हात थरथरत असतील, झोप उडाली असेल, तर ती केमिस्ट्रीची शंका नाही. अशा मित्राला प्रश्न सोडवून देत बसू नका, त्याच्यासोबत घरच्यांशी, विश्वासातल्या शिक्षकांशी किंवा समुपदेशकांशी बोला.

शिक्षकांकडे जाताना "हा चॅप्टर कळत नाही" असं सांगू नका, एक चिठ्ठी न्या. त्यावर पूर्ण प्रश्न, आपली सगळी रीत ओळींचे क्रमांक घालून, आणि खाली दोन वाक्यं: "पाचव्या ओळीपर्यंत खात्री आहे. सहाव्या ओळीत मिथाइल सरकतो की हायड्रोजन, हे ठरवता येत नाही." अशी चिठ्ठी पुढे केली की शिक्षक थेट सहाव्या ओळीवर बोट ठेवतात.